डोंगरातली भेग

फेस्टन मुहिवा देवाशी बोलायला लागला तो भक्तीने नव्हे, भीतीने.

तेव्हा तो ऐन विशीत होता. मुलांजे डोंगराच्या माथ्यावर देवदारासारखी सीडरची झाडं पाडत, तिथेच खड्डा खणून करवतीने त्यांच्या फळ्या काढत, आणि त्या फळ्या माणसं डोक्यावरून खाली आणत. फळी ओली असली की मान खांद्यात रुतून बसायची. वाट अशी, की एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. फेस्टन चिल्वा सरोवराच्या काठचा, मासे सुकवून विकणाऱ्यांच्या घरातला. त्याच्या मुलखात एखादं वारूळ चढून गेलं तरी पलीकडचं गाव दिसतं. पहिल्याच खेपेला धुकं उतरलं, पुढचा हमाल दिसेनासा झाला आणि फेस्टन जागच्या जागी थांबला. फळी टाकावी तर वाटच अडणार. तो मोठ्याने म्हणाला, "हे बघ, मी इथे पडलो तर माझ्या आईला कळायलासुद्धा महिना जाईल. तू पुढे हो. तू पाय ठेवशील तिथे मी ठेवतो."

मागचा हमाल म्हणाला, "कुणाशी बोलतोयस रे?"

"पुढच्याशी."

"पुढचा केव्हाच गेला खाली."

"त्याच्याही पुढच्याशी," फेस्टन म्हणाला, आणि पाय टाकला.

तो खाली पोचला. पायथ्याशी एक मुलगी मक्याचं गोडसर पेय विकायला बसली होती. तिचं नाव एनेलेसी. फळी उतरवून तो तिच्यापुढे बसला तरी त्याचे ओठ हलत होते. ती म्हणाली, "जप नंतर कर, आधी भांडं धर. दोन्ही हातांनी, नाहीतर सांडशील." तिच्याशीच पुढे त्याचं लग्न झालं.

आमच्याकडे लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी येतो. जमीन बायकांची, मुलं बायकांची, आणि घरातला शेवटचा शब्द बायकोच्या भावाचा. जावई म्हणजे उसना आणलेला कोंबडा, असं म्हाताऱ्या म्हणतात. आरवून झालं की परत करायचा. फेस्टन नामुलेंगा गावात असा उसना आला आणि चाळीसेक वर्षं राहिला. एनेलेसीचा थोरला भाऊ बेस्टर, सगळं गाव त्याला बेस्टर मामा म्हणे, त्याला हा सरोवराकडचा जावई आवडायचा. कमी बोलतो, कुदळ नीट धरतो, पीत नाही. "आमचे दाजी फक्त देवाशी बडबडतात," तो म्हणायचा. "देवाने तक्रार केली नाही तोवर आपलं काय जातं?"

माथ्यावरचे सीडर संपत आले तशी फळ्यांची कामंही संपली. फेस्टन एनेलेसीच्या वाटणीच्या रानात मका आणि तूर करू लागला. पण पायांना चढाची सवय लागली होती आणि तोंडाला त्या पुढच्याशी बोलायची. रविवारी उपासना आटोपली की तो एकटाच डोंगराच्या वाटेला लागायचा, पहिल्या धबधब्यापर्यंत जायचा आणि उन्हं कलताना परत यायचा.

एका रविवारी मालिता नावाची बाई त्याच्या मागे आली. तिचा नवरा नुकताच गेला होता. ती काही बोलली नाही, फक्त मागून चालत राहिली. ओढ्यापाशी फेस्टनने एक दगड उचलला तर खाली खेकडा होता, नुकतीच कात टाकलेला, लोण्यासारखा मऊ. बोटाने दाबला असता तर चिरडला असता. फेस्टनने दगड हळूच परत ठेवला आणि मागे न बघता म्हणाला, "याचं जुनं कवच काढून घेतलंय. नवं यायचंय. तोवर त्याला दगडाखाली ठेवलंय. काढून घेणारा आणि लपवून ठेवणारा एकच आहे."

मालिता तिथेच ओढ्यात बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली. गावात येऊन तिने हे सांगितलं. पुढच्या रविवारी चौघं आली, मग दहा, मग पाळकानेच उपासनेनंतर जाहीर करायला सुरुवात केली की मुहिवांबरोबर ज्यांना देवासोबत चालायचं असेल त्यांनी वडाखाली जमावं. चर्चच्या त्या लहानशा मंडळीत त्याला वडीलजनांमध्ये घेतलं. फेस्टनला वाचता जेमतेम यायचं. पण त्याला जे दिसे ते तो असं सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं हे माझ्याचसाठी आहे. वणव्यानंतर काळ्या झालेल्या उतारावर त्याने एक हिरवी पात दाखवली, तर ज्याचा मुलगा तुरुंगात होता तो माणूस ती पात उपटून घरी घेऊन गेला. वळणावर गाव दिसेनासं होई तिथे तो सगळ्यांना थांबवायचा. "गाव दिसतं का?" "नाही." "गाव आहे का?" "आहे." "मग झालं तर," म्हणायचा, आणि चालू लागायचा.

एनेलेसी मात्र एकदाच त्याच्याबरोबर गेली. परत येताना तिने वाळलेल्या फांद्यांची मोळी आणली. "सगळे धडे घेऊन आले, मी सरपण आणलं," ती शेजारणीला म्हणाली. "आमच्या ह्यांचा देव फिरायला जातो. माझ्या देवाला दळण असतं, पाणी असतं, बकऱ्या असतात. त्याला बिचाऱ्याला रविवारीही सुट्टी नाही."

"तियामिकेच्या आई, चेष्टा करू नकोस," फेस्टन लेकीच्या नावावरून हाक मारत म्हणायचा.

"चेष्टा कुठे करतेय, तियामिकेचे बाबा? तुमचा देव भेटला तर त्याला सांगा, येताना एक घागर घेऊन येत जा."

त्यांना दोन मुलं झाली आणि लहानपणीच वारली. तिसरी तियामिके तेवढी जगली. तिच्या नावाचा अर्थ आभार मानू या. ती शिकली आठवीपर्यंत, लग्न झालं, नवरा जोहान्सबर्गला खाणीत गेला आणि त्याचा फोन येणं हळूहळू कमी होत गेलं. तिची मुलगी ताकोंद्वा, चार वर्षांची, आजोबांच्या खांद्यावर बसून डोंगरावर जायची आणि धडा सुरू झाला की त्यांचे कान ओढायची.

त्या वर्षांत डोंगर उघडा पडत चालला होता. झाडं जाळून कोळसा पाडणारे वर वर सरकत होते. मक्याच्या ओळी, जिथे बकरीही जपून चालते अशा उतारावर गेल्या होत्या. फेस्टन बुंध्यांमधून चालायचा आणि बुंध्याला फुटलेला कोंब दाखवायचा. तो आशा सोडू नका म्हणायचा, आणि लोक मान डोलवायचे. एनेलेसी म्हणाली होती, "कोळशाच्या भट्टीतूनही तुम्ही काहीतरी गोड काढाल."

पुढे जे मोठं वादळ आलं त्याच्या आदल्या पावसाळ्यात गावाच्या डोक्यावर, पहिल्या धबधब्याच्या अलीकडे, जमिनीला एक भेग पडली. आडवी, लांबच लांब, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल एवढी. रविवारी सगळे तिच्यापाशी थांबले. ताकोंद्वाने तिच्यात खडा टाकला आणि कान लावून ऐकलं. फेस्टन बराच वेळ भेगेकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "घट्ट जमिनीवरून पाणी वाहून जातं. भेग पडते तिथूनच ते आत शिरतं. आपलं काळीज फुटतं तेव्हा आपण रडतो. पण देवाला आत यायला दुसरी वाट कुठे असते?"

मालिता म्हणाली, की आजवरच्या सगळ्या बोलण्यात हे सगळ्यांत सुंदर होतं. पाळकाने पुढच्या उपासनेत ते पुन्हा सांगितलं. लोक नंतरही कुणाच्या घरी मयत झाली की म्हणायचे, भेग पडलीय, आता तो आत येईल.

वादळ समुद्रावरून आलं. रेडिओवर सांगत होते, पण रेडिओवर दरवर्षी काहीतरी सांगतात. पाऊस लागला तो थांबेचना. भांडी, अंथरुणं, धान्याची कोठी, सगळ्याला एकच ओला वास. ओढ्याचं पाणी लाल झालं. ओढ्यापलीकडच्या देवळाला पत्र्याचं छप्पर आणि विटांच्या भिंती होत्या, म्हणून पाळकाने म्हाताऱ्या माणसांना तिथे आणायला सांगितलं. फेस्टन सकाळपासून एकेकाला पाठीवर घेऊन ओढा ओलांडत होता. ताकोंद्वाला ताप होता. तियामिके औषध आणायला पहाटेच बाजारगावी निघून गेली होती.

दुपारच्या सुमाराला तो घरी आला. "चला, तुम्ही दोघी पण चला देवळात," तो म्हणाला.

एनेलेसी चुलीपाशी बसली होती. पोरगी तिच्या मांडीवर. "हिला या पावसात कुठे नेऊ? अंगात निखारे आहेत. आणि बकऱ्या कोण बघणार? तियामिके येईल औषध घेऊन, तिला घर बंद दिसलं तर?"

"मी थांबतो मग."

"तुम्ही थांबून काय करणार? छप्पर डोक्यावर धरणार? तिकडे म्हातारी माणसं वाट बघतायत. जा. येताना तुरीच्या पोत्यावर टाकायला काहीतरी आणा."

तो गेला. ओढा ओलांडून देवळाच्या पायरीवर पोचला आणि पाठीवरची म्हातारी खाली ठेवत होता, तेव्हा आवाज आला. गावातल्या सगळ्या पिठाच्या गिरण्या एकदम सुरू व्हाव्यात तसा. त्याने वर पाहिलं. डोंगराचा एक तुकडा उभाच्या उभा खाली येत होता, वर झाडं तशीच उभी, जणू कुणीतरी ताट सरकवावं. मग झाडं आडवी झाली. मग ओढ्याच्या त्या बाजूला गाव नव्हतं.

माणसांनी कुदळींनी खणलं, थाळ्यांनी खणलं, हातांनी खणलं. एनेलेसी दुसऱ्या दिवशी सापडली, दाराच्या फळीखाली. ती फळी सीडरची होती, फेस्टननेच कधीकाळी वरून आणलेली. ताकोंद्वा सापडली नाही. तियामिके बाजारगावी अडकली होती, कारण पूल गेला होता. पाणी उतरल्यावर ती आली ती औषधाची बाटली हातात घेऊनच. चिखलाच्या कडेला उभी राहून तिने बापाला विचारलं, "घर कुठल्या बाजूला होतं?" तिला ओळखू येत नव्हतं. फेस्टनलाही खात्रीने सांगता आलं नाही.

वाचलेल्यांना शाळेत ठेवलं. वर्गात बाकं भिंतीला लावून सगळे जमिनीवर झोपत. मदतीच्या गाड्या यायच्या, मक्याचं पीठ आणि घोंगड्या देऊन जायच्या. पहिल्या रविवारी पाळकाने फेस्टनला प्रार्थना करायला सांगितली. फेस्टन उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्या बघण्यात भूक होती. तो तसाच उभा राहिला आणि थोड्या वेळाने खाली बसला.

मालिता नंतर त्याच्याजवळ आली. तिची बहीण, बहिणीची चारही मुलं गेली होती. "दादा, काहीतरी सांगा. मोठं नको. खेकड्याएवढं सांगितलंत तरी चालेल."

"माझ्याजवळ काही नाही, मालिता."

"आजवर इतकं होतं."

"हो," तो म्हणाला.

तियामिके आठवडाभर बोलली नाही. मग एका दुपारी शाळेच्या ओसरीवर, तांदळातले खडे निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे खेकड्याचा धडा होता. जळक्या गवताचा होता. माझ्या पोरीचा द्या मला एखादा."

फेस्टनने तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"ती भेग," तियामिके म्हणाली. "मी पण होते त्या दिवशी. ताकोंद्वाने खडा टाकला होता आत. मी तिला मागे ओढली, पडशील म्हणून. बाबा, ती भेग होती. जमीन फाटली होती. गावाच्या डोक्यावर. आपण सगळे तिच्याभोवती उभे राहिलो आणि काळजाबद्दल ऐकलं."

"मला कळलं नाही, बाळ."

"तुम्हाला डोंगर कधी दिसलाच नाही. धडे दिसले." हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

त्या दिवसापासून फेस्टन त्या पुढच्याशी बोलेनासा झाला. ठरवून नव्हे. सकाळी पाण्याला जाताना तोंड उघडायचं आणि काही यायचं नाही. तो चालत असे, पाय आपोआप पडत असत, आणि वाटेवर जे दिसे ते नुसतं दिसे. चिखल. चप्पल. दोरीचा तुकडा. कशाचाही कशाशी संबंध नव्हता.

सुगीच्या सुमारास चिफुंदो नावाचा एक संदेष्टा आला. तरुण, पांढरा सदरा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा भोंगा. शाळेच्या पटांगणात त्याने तंबू ठोकला. तो म्हणाला, डोंगर उगाच हलत नाही. इथे लपवलेलं पाप होतं. ज्यांच्या घरात माणूस गेलं त्यांनी आपल्या घरात शोधावं. पाळकाला हे पटलं नाही, पण पाळकाचं देऊळ रिकामं होऊ लागलं आणि तंबू भरू लागला. लोक पुढे येऊन कबूल करत, रडत, आणि संदेष्टा त्यांच्या डोक्यावर हात ठेवी. परतताना त्यांचे चेहरे जरा सैल झालेले दिसत. मालिताही गेली.

"हे काय चाललंय?" फेस्टनने बेस्टर मामाला विचारलं.

"दाजी, तुम्ही काही देत नाही. तो देतो," बेस्टर मामा म्हणाला. त्याचाही एक मुलगा गेला होता. "कडू असलं तरी औषध म्हणून माणूस घेतो."

एका संध्याकाळी फेस्टनला कुणीतरी सांगितलं की तियामिके तंबूत आहे. तो गेला तेव्हा ती पुढे उभी होती, भोंगा तिच्या तोंडाशी धरलेला. ती सांगत होती, की त्या दिवशी ती बाजारगावी एका पुरुषाला भेटायला गेली होती. नवरा परदेशी, तिचं मन चळलं. आईला तिने खोटं सांगितलं. म्हणून देवाने तिची मुलगी नेली.

फेस्टन गर्दीतून पुढे गेला. "खोटं आहे हे," तो म्हणाला. त्याला भोंग्याची गरज लागली नाही, सगळे गप्प होते. "ही औषध आणायला गेली होती. बाटली अजून आहे हिच्याजवळ, न उघडलेली. हिचं काही पाप नाही. डोंगराला भेग पडली होती. मी पाहिली होती. तुम्ही सगळ्यांनी पाहिली होती. झाडं तोडल्यावर माती सुटते, भेगेतून पाणी आत जातं, जमीन खाली येते. मी ते तुम्हाला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी भलतंच सांगितलं."

संदेष्ट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भोंगा त्याच्याकडे वळवला. "ऐका," तो लोकांना म्हणाला, "मंडळीचा वडील आपलं पाप कबूल करतोय. बापाने केलं, लेकीने केलं. आज हे घर मोकळं झालं." लोकांनी गाणं धरलं. फेस्टन बोलत राहिला, पण गाण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

शाळेकडे परत येताना त्याने तियामिकेला विचारलं, "का खोटं बोललीस?"

"पाप असलं तर माफी असते," ती म्हणाली. "भेग असली तर काय असतं?"

पुढे त्याने तो विषय काढला नाही, तिनेही नाही.

थंडी सरली, कोरडे दिवस आले, आणि लोक शाळेतून परत जायला लागले. जुन्या गावाच्या जागी दगडच दगड होते. म्हणून बेस्टर मामाने आपल्या कुळाच्या बायकांसाठी ओढ्याच्या वरच्या बाजूला, थोडं पूर्वेकडे, रान साफ केलं. तियामिकेच्या वाट्यालाही तुकडा आला. ती विटा पाडायला लागली. फेस्टन विटांसाठी पाणी वाहायचा.

एक दिवस तो तिथून वर चढून गेला, एकटा, वादळानंतर पहिल्यांदाच. तुटलेल्या कड्याच्या अंगाने जाताना त्याला दुसरी भेग दिसली. पहिलीपेक्षा अरुंद, पण तशीच आडवी, गवतात लपलेली, आणि बरोबर नव्या घरांच्या वर. त्याने काठी घातली. काठी पूर्ण आत गेली.

तो उतरला आणि थेट बेस्टर मामाकडे गेला. तिथे आठ-दहा माणसं विटांच्या भट्टीपाशी बसली होती, तियामिके होती, मालिता होती. फेस्टन म्हणाला, "वर आणखी एक भेग आहे. पूर्वेच्या अंगाला. काठी बुडाली. इथे घरं बांधू नका."

मग मालिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती दिवसांनी बोललात, दादा," ती म्हणाली. "खरं आहे. एक भेग भरत आली की दुसरी असतेच. माणसाने नव्याने घर बांधताना तेही ध्यानात ठेवावं."

"तसं नाही. खरी भेग आहे. जमिनीत."

"हो, कळलं," एक म्हातारा म्हणाला, आणि मान डोलवत राहिला. "जमीन म्हणजे आपणच की."

फेस्टन तियामिकेकडे वळला. तिला कळलं होतं. तिच्या तोंडावरून दिसत होतं. ती हातातली ओली वीट फिरवत होती. बेस्टर मामालाही कळलं होतं. त्याने फेस्टनला बाजूला नेलं.

"दाजी, मी वर जाऊन आलोय. पाहिलीय मी."

"मग?"

"मग कुठे जाऊ? खाली दगड. त्याच्याही खालच्या अंगाला दुसऱ्या कुळाचं रान. सरकार म्हणतं पलीकडच्या माळावर या, तिथे पाण्याचा थेंब नाही. या बायकांना मी कुठे ठेवू, सांगा. तुमच्याजवळ जागा असेल तर सांगा." त्याने भट्टीकडे पाहिलं. "बोलू नका आता त्यांच्यापुढे. विटा तरी पाडू द्या."

एनेलेसीला जाऊन वर्ष झालं तेव्हा रिवाजाप्रमाणे आठवणीचं जेवण घातलं. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तुरीची आमटी, एक बकरी. जेवण झाल्यावर बेस्टर मामाने फेस्टनच्या मनगटाचा शोकाचा काळा दोरा कापला. पुढचं बोलणं तो कितीतरी वेळ लांबवत होता. आधी पावसाबद्दल बोलला, मग बकऱ्यांबद्दल.

"दाजी, तुम्हाला रिवाज माहीत आहे," शेवटी तो म्हणाला. "आमची बहीण गेली, आता तुम्हाला तुमच्या माणसांकडे पोचवायचं. आमच्यात दुसरी विधवा देण्यासारखी आहे, मालिता आहे, तुम्ही हो म्हणालात तर राहाल."

"नको."

"मला वाटलंच. मी स्वतः येतो सायकल घेऊन, सरोवरापर्यंत. कुणी म्हणू नये की मुहिवाला हाकलून दिलं."

"तियामिकेला नेऊ का मी?"

बेस्टर मामाने मान हलवली. "ती आमची आहे, दाजी."

तियामिकेने त्याच्यासाठी भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी बांधली. तो म्हणाला, "पाऊस लागला तर घरात झोपू नकोस. देवळात जा. तंबूत जा. कुठेही जा." ती हो म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रार्थना करता का अजून?" त्याने नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मी करते. पण मला वाटतं तिकडे कुणी नाही. तरी करते, नाहीतर दिवस लांब होतो." तिने त्याची पिशवी सायकलला बांधून दिली आणि विटांकडे परत गेली.

चिल्वाकाठी फेस्टनला ओळखणारी एक थोरली बहीण तेवढी उरली होती, डोरोफे. तिच्या मुलाने त्याला गवताची झोपडी बांधून दिली. सरोवराचं पाणी त्या वर्षी इतकं मागे सरलं होतं, की होड्या गाळात बसल्या होत्या आणि मासेमारांनी काठावरच्या झोपड्या अर्ध्याअधिक सोडून दिल्या होत्या. मिळत होते ते बोटाएवढे मासे. फेस्टन ते गवताच्या माचांवर पसरायचा, उलटायचा, कावळे हाकायचा. लहानपणी केलेलं काम हातांना लगेच आठवलं. सकाळी तो गाळातून लांबवर चालत जायचा, जिथे पाणी सुरू होतं तिथपर्यंत, आणि परत यायचा. बघायला तिथे काही नव्हतं. सगळीकडे सपाट, आणि मागे क्षितिजावर ढगासारखा मुलांजे.

डोरोफेने एकदा विचारलं, "तू म्हणे देवाबरोबर चालायचास. लोक लांबून यायचे, असं ऐकलं होतं मी."

"यायचे."

"अजून येतो का तो बरोबर?"

"माहीत नाही. बघत नाही मी."

"अरे, विचारून तरी बघ."

"विचारलं तर पुन्हा काहीतरी शिकवायला बसेल," फेस्टन म्हणाला. "मला आता शिकायचं नाही, ताई."

ती हसली, तिला ती चेष्टा वाटली. मग त्याच्या तोंडाकडे बघून मासे उलटायला लागली.

पावसाळ्याच्या तोंडाला डोरोफेच्या मुलाच्या फोनवर तियामिकेचा फोन आला. घर उभं राहिलं होतं. मदतीतले पत्रे मिळाले होते. "आजपासून लागलाय इकडे," ती म्हणाली. "बारीक आहे."

"इकडे ये तू. थोडे दिवस. पाऊस सरेपर्यंत."

"तिथे माझं काय आहे, बाबा? तुमचंच काही नाही." मागे पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज येत होता, त्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागत होतं. "मामा म्हणतो या वर्षी काही होणार नाही. संदेष्टाही म्हणतो."

"आणि तू?"

"मी शेंगा आत घेते आता. भिजतायत," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

फेस्टनने फोन परत दिला. वारा फिरला होता. डोंगराच्या बाजूने काळं आभाळ सपाटीवर सरकत येत होतं. मासे भिजले तर एका दिवसात कुजतात. त्याने प्लास्टिकचा कागद ओढला, माचांवर पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडांवर एकेक दगड ठेवत गेला.